खाऱ्या पाण्याचं बुकिंग

घाटंजीच्या बसस्थानकावर कंट्रोलरसाहेब माइकवर आले, की समोरच्या माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं हातातला फॉर्म तसाच धरून ऐकत राहायची. त्यांना कुठल्या गाडीनं जायचं असायचं असं नाही. साहेब काय बोलतात ते ऐकायचं असायचं.

"पांढरकवडा, मारेगाव मार्गे वणीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. चढणाऱ्यांनी उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे. तेही कोणाच्या तरी घरचे आहेत."

घरी गोरबोली, स्टँडवर वऱ्हाडी, ड्रायव्हरवर चिडले की हिंदी आणि माइकवर छापील मराठी, अशा चार भाषा त्यांनी चार खिशांत ठेवल्यासारख्या वेगळ्या ठेवल्या होत्या. ते मूळचे घाटंजीजवळच्याच एका बंजारा तांड्यावरचे. शेती भावाकडं दिली आणि स्वतः नोकरीत आले. उंच, हाडकुळे, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला. खिशाला कायम दोन पेनं. एक लिहायला आणि एक मागणाऱ्याला द्यायला. दुसऱ्या पेनात रिफिल संपत आलेली असायची, म्हणजे नेणाऱ्याला ते ठेवून घ्यावंसं वाटू नये.

गाडी लेट झाली तर बाकीचे कंट्रोलर 'तांत्रिक कारणामुळे' म्हणतात. साहेब कारण सांगायचे. "यवतमाळ गाडीचे मागचे चाक पंक्चर आहे. स्टेपनी बसवली होती, तीही पंक्चर निघाली. पाऊण तास लागेल. ज्यांना घाई आहे त्यांनी काळीपिवळीने जावे, मी वाईट वाटून घेणार नाही."

एकदा एका पुढाऱ्याच्या पाहुण्यांसाठी गाडी थांबवून ठेवा असा निरोप आला. साहेबांनी पाच मिनिटं वाट पाहिली आणि माइक उचलला. "यवतमाळला जाणारी गाडी तयार आहे. ड्रायव्हर बसलेले आहेत. आपण ज्यांच्यासाठी थांबलो आहोत ते पाहुणे स्टँडबाहेर पाणीपुरी खात आहेत. त्यांची दुसरी प्लेट चालू आहे." पाहुणे तोंडात पुरी धरून पळत आले. अख्खा स्टँड हसत होता. आठवड्याभरात साहेबांना वरून लेखी समज आली.

तो कागद घेऊनच ते पहिल्यांदा माझ्या दुकानात आले. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म, असं माझं दुकान. तेव्हा नवीनच टाकलं होतं.

"हे लॅमिनेट करून दे. बुडबुडा राहू देऊ नको."

मी वाचलं आणि चक्रावलो. "सायेब, हे कायले जपून ठेवता? हा तर मेमो हाये."

"मेमो नाही थो. माह्या खरेपणाचं सर्टिफिकेट हाये. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी लेखी देल्लं."

मला तो माणूस तिथंच आवडला. माझा धंदा त्यांच्या अगदी उलट होता, म्हणूनही असेल. फॉर्म भरणं म्हणजे काय, तर साइटनं नाकारू नये अशा बेतानं माणूस लिहून काढणं. कोणाचं आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असतं, कोणाची जन्मतारीख आईलाही ठाऊक नसते. अडचणीचे रकाने आले की मी 'लागू नाही' टाकून पुढं जायचो. माझा फॉर्म परत येत नाही, अशी तालुक्यात ख्याती होती.

त्या पाच मिनिटांखेरीज साहेबांनी आयुष्यात कोणासाठी गाडी थांबवली नाही. पण गाडी चुकलेल्या माणसासाठी ते स्वतः थांबायचे. बाजाराच्या दिवशी डोंगराकडच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, एक म्हातारी यायची. तिची शेवटची गाडी हमखास चुकायची, कारण बाजार आटोपल्यावर ती जिलेबी खायला बसायची आणि जिलेबी घाईत खायची नाही हा तिचा नियम होता. साहेबांची ड्युटी संपलेली असायची. ते तिच्या शेजारी बाकावर बसून राहायचे. तिच्या रस्त्याला जाणारा एखादा ट्रॅक्टर, एखादी मोटार हेरायचे, मालकाचं नाव-गाव विचारून घ्यायचे, म्हातारीला बसवायचे आणि मग घरी जायचे.

"त्यापेक्षा गाडी दोन मिनिटं थांबवली असती तर?" मी एकदा विचारलं.

"गाडीत चाळीस माणसं बसून हायेत. त्यायचे दोन-दोन मिनिटं माह्ये नाहीत," ते म्हणाले. "माह्ये हायेत थे मी देऊन राह्यलो."

सुट्टीच्या दिवशी मात्र साहेब कोणाला सापडायचे नाहीत. गावाबाहेरच्या तलावावर गळ टाकून बसायचे. बांबूची काठी, मोरपिसाच्या देठाचा तरंगा, कणकेच्या गोळ्या. जाळ्याचा त्यांना राग होता. "जाळं म्हणजे पुऱ्या गावाले उचलून नेणं. गळ म्हणजे एकाले विचारणं. त्यालेही नाही म्हणाचा हक्क हाये." मरळ लागली, रोहू लागला, की हातात धरून गोरबोलीत त्याच्याशी काहीतरी पुटपुटायचे. मोठे मासे शेजारीपाजारी वाटायचे. घरात खाणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, एकच मुलगी, ती लग्न होऊन दारव्ह्याकडं.

निवृत्त झाले तरी त्यांचं स्टँडवर येणं सुटलं नाही. तोच बाक. नवा कंट्रोलर कॅबिनमध्ये बसायचा आणि लोक चौकशी या बाकावर करायचे. साहेब गाडीकडं न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायचे, "हे घाटंजी-दारव्हा. गिअर टाकतानी रडते थेच." लोक थक्क व्हायचे. मीही व्हायचो. ही कला आहे असंच आम्ही समजत होतो.

मग तलावावरची मंडळी हसत हसत सांगू लागली, की साहेबांनी तरंगा काढून टाकला आहे. काठीसुद्धा. नुसती दोरी बोटावर घेऊन, डोळ्यांवर दुपट्टा बांधून बसतात म्हणे. मी मुद्दाम पाहायला गेलो. खरंच होतं. पांढऱ्या दुपट्ट्याची घडी डोळ्यांवर, दोरी तर्जनीवर, मान किंचित तिरकी. मी विचारलं तर म्हणाले, "डोये लय मधी मधी करतात. बोटाले काम करू देत नाहीत." मी ते हसण्यावारी नेलं. विक्षिप्त माणूस, आणखी एक विक्षिप्तपणा.

दिवाळीच्या आधी एका दुपारी ते दुकानात आले. उंबरठ्यावर जरा अडखळले. खुर्ची चाचपून बसले आणि म्हणाले, "समुद्रावर गळ टाकाचा हाये. तुह्या मोबाइलमधी असं काही भेटते का?"

भेटत होतं. मालवणच्या बाजूला एका छोट्या बंदराच्या जेट्टीवरून सकाळी चार तास मासेमारी. गरी, दोर, आमिष त्यांचं. माहितगार माणूस बरोबर. साठीच्या पुढच्यांनी सोबत कोणालातरी आणणं सक्तीचं.

"तू चाल," साहेब म्हणाले.

"मी? सायेब, मी तर समुद्र पाह्यलाही नाही."

"मी कुठी पाह्यला?"

मी फॉर्म उघडला. एकेक रकाना वाचायचो, साहेब सांगायचे. नाव झालं, वय झालं, सहासष्ट. मासेमारीचा अनुभव: नवशिके, मध्यम की तरबेज?

"लिही, गोड्या पाण्यात पन्नास वर्षं. खाऱ्या पाण्यात कोरा."

"सायेब, तीनपैकी एकच निवडाचं हाये."

"मंग नवशिका. थेच खरं."

पोहता येतं का?

"विहिरीत. कंबरेले दोर बांधून."

अडचणीच्या वेळी संपर्क कोणाशी करावा?

"तुहा नंबर टाक."

"मी तर तुमच्यासोबतच राहीन. दोघंही पडलो पाण्यात तर?"

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "मंग स्टँडच्या चौकशीचा टाक. तिथं कोणी ना कोणी उचलतेच."

मी हसत हसत पुढचा रकाना वाचला. काही आजार, शारीरिक अडचण?

रस्त्यावरून एक गाडी गेली. ती कुठली हे त्यांनी सांगितलं नाही.

"काचबिंदू," ते म्हणाले. "लिही. डाव्या डोयानं नाही दिसत. उजव्यानं नळीयेवढं दिसते. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, नळीही बुजून राह्यली. उन्हाळ्यापर्यंत टिकली तर टिकली."

दुपट्टा, आवाजावरून गाड्या, उंबरठ्यावरचं अडखळणं, सगळं एकदम जागच्या जागी बसलं. दीड-दोन वर्षं हा माणूस आमच्यासमोर आंधळा होत होता आणि आम्ही त्याला कला म्हणत होतो.

"सायेब, कोणाले सांगतलं काहून नाही?"

"कोणी विचारलं नाही. या फॉर्मनं विचारलं, सांगून राह्यलो. लिहिलं का?"

स्क्रीनवर 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते. 'होय' केलं तर खाली लाल अक्षरांत येत होतं, की आयोजक बुकिंग नाकारू शकतात. मी साहेबांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा माझ्या दिशेला होता, पण माझ्याकडं नव्हता. स्क्रीन त्यांना वाचता येणार नव्हती.

मी 'नाही' वर टिक केली.

"लिहिलं," मी म्हणालो.

त्या वेळी मला खरोखर वाटलं, की मी साहेबांचं भलं करतो आहे.

बुकिंग झालं तरी साहेबांचं समाधान होईना. "माणसाशी बोलल्याबिगर बुकिंग कसं होईन?" मग फोन लावून दिला. तिकडं नंदू नावाचा तरणा मासेमार होता. साहेबांनी स्पीकरवर विचारलं, "भाऊ, तुमच्याकडचं पाणी कसं हाये?"

"खारा आसा काका."

"थे माहीत हाये. वागणुकीनं कसं हाये?"

नंदू पोट धरून हसला, पण उत्तर नेमकं दिलं. "सकाळी शाणा. दुपारच्यानंतर भरवसो नाय."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला साहेब नंदूला फोन करायचे. वारा कुठून, पाणी केवढं, भरती किती वाजता. भरती दररोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, हे कळल्यावर ते इतके खूश झाले की मला दुकानातून बाकावर बोलावून घेतलं. "ऐकलं का? रोज पाऊण तास लेट. रोजच्या रोज. आन् एकही माणूस चौकशीले येत नाही!" जाड मार्करनं, बोटभर उंचीची अक्षरं काढून, त्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक वहीत उतरवलं. नंदूची वऱ्हाडी आणि साहेबांची मालवणी, दोन्ही महिन्याभरात कामचलाऊ झाल्या.

आम्ही निघालो तेव्हा इकडं कापूस वेचणी सुरू होती. वर्ध्यापर्यंत बस, तिथून कल्याण, पनवेलहून कोकणची गाडी. वाटेत साहेब खुशीत होते. प्रत्येक स्टेशनवरची उद्घोषणा ऐकून तिला मार्क द्यायचे. एकीलाही शंभरपैकी चाळीसच्या वर दिलेले आठवत नाहीत.

कुडाळला उतरलो, रिक्षा केली, मुक्काम टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जेट्टीवर गेलो. मी समुद्र पहिल्यांदा पाहत होतो, पण खरं सांगतो, त्या सकाळी मी पाहिला नाही. माझं सगळं लक्ष साहेबांच्या पायांकडं होतं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा दमला आहे. तसं वाटावं म्हणूनच मी त्यांची पिशवीही माझ्याकडं घेतली होती.

नंदू पुढं आला. काळासावळा, हसरा, अर्ध्या विजारीतला. साहेबांच्या पायाच पडला. "इलास काका! खूप लांबसून इलास." साहेबांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. नंदूला ते प्रेम वाटलं. प्रेम होतंच.

जेट्टीच्या टोकाला पोचल्यावर नंदूनं दोर हातात दिला आणि समोर पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेकडं बोट दाखवलं. "काका, तो लाल बोयो दिसता मां? तेच्या उजव्या अंगाक टाका."

"कुठी लाल?" साहेब म्हणाले.

"समोरच. एकच आसा."

साहेब एक पाऊल पुढं सरले, नळीतून लाल शोधायला. जेट्टीच्या दोन फरशांमध्ये वीतभर फट होती, कडेला शेवाळ. त्यांचा पाय त्या फटीत गेला. मी ओरडलो, पण धरलं नंदूनं. शर्टाची कॉलर आणि दंड, दोन्ही एकदम. खाली पाणी खडकांवर आपटत होतं.

साहेबांना मागं आणून बसवल्यावर नंदू धापा टाकत उभा राहिला. "काका, तुमका दिसना नाय काय?"

"नाही दिसत," साहेब शांतपणे म्हणाले. "फॉर्ममधी लिहिलं हाये न."

नंदूनं खिशातला मोबाइल काढला. फॉर्म शोधला, वाचला. "हय 'नाय' लिवलेला आसा."

साहेबांनी मान माझ्या दिशेला वळवली.

"काय लिहिलं तू?"

मी त्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यानं त्यांना कळलं.

नंदू आता चिडला होता, आणि त्याचं चिडणं खरं होतं. "गेल्या वर्सा हयच एक पावणो पडलो. तीन महिने खाटेर होतो. मी माणसांक हात धरून हय आणतंय. कोणाचो हात धरतंय, तां माका कळाक नको?"

"बरोबर हाये तुमचं," साहेब म्हणाले. हातातला दोर त्यांनी नीट गुंडाळला, गरीचं टोक बुचात खुपसलं आणि नंदूच्या हातात दिला. "बुकिंग खोटं होतं. रद्द करा."

मी नंदूचे हात धरले. म्हटलं, माझी चूक आहे, इतक्या लांबून आलो आहोत, त्यांचे डोळे आता फार दिवस नाहीत. नंदू माझ्याकडं बघेना. तेव्हा साहेब मागून म्हणाले, "मांगू नको." तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. माइकवरचाही नाही.

ते तिथंच, कडेपासून लांब, मांडी घालून बसले. तोंड वाऱ्याकडं. ऊन चढत गेलं. नंदूचं दुसरं काम नव्हतं, सकाळ त्यानं यांच्यासाठीच ठेवली होती. तो काही वेळ दोर आवरत राहिला. मग शेजारी येऊन उकिडवा बसला.

"काका, इतक्या लांबसून इलास कित्याक? मासे तुमच्या तळ्यातय आसत."

"मासा निमित्त हाये भाऊ," साहेब म्हणाले. "आमचे मागचे लोक मीठ वाह्याचे. बैलांच्या पाठीवर. समुद्रापाशी भराचं आन् आमच्या मुलखात नेऊन उतरवाचं, महिने महिने चालत. मंग रेल्वे आली, मोटारी आल्या, बैल गेले. आम्ही शेती कराले लागलो. माहा बाप म्हणे, ज्या पाण्यानं आपल्याले जगवलं थे आपल्यातल्या कोणीच आता पाह्यलं नाही. माह्या डोयासमोर पुरी जिंदगी गाड्या सुटल्या, पण मी बसलो नाही एकीतही. म्हणलं, डोये हायेत तवर जाऊन याव. आलो. वास घेतला, आवाज ऐकला. थोडं थोडं पांढरं हालतानी दिसते. झालं माह्यं काम. तुम्ही मनाले लावून घेऊ नका."

नंदू मोबाइल काढून म्हणाला, "नवो फॉर्म भरूया. खरो. मीच लिवतंय."

आणि तिथं जेट्टीवर पुन्हा सगळा फॉर्म झाला. नाव, वय, अनुभव. आजाराचा रकाना आल्यावर साहेबांनी डोळ्यांचं सगळं सांगितलं, कुठलं औषध, दिवसातून किती थेंब, सगळं. नंदूनं एकेक अक्षर लिहिलं. शेवटी फॉर्ममध्ये नसलेलं विचारलं, "मदत काय होयी तुमका?"

"कंबरेले दोर," साहेब म्हणाले. "आन् बोट दाखवू नका. घड्याळीनं सांगा. माहं नाक बारा वाजता. उजवा हात तीन वाजता. आमाले वेळ लवकर समजते."

तोवर पाणी ओसरलं होतं. नंदू म्हणाला, "आजचा पाणी गेला काका. उद्याच आता."

"पाऊण तास लेट," साहेब म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले. माझ्याकडं बघून नाही.

दुसऱ्या सकाळी नंदूनं त्यांना जेट्टीच्या खालच्या, रुंद पायरीवर बसवलं. कंबरेला दोर बांधून तो होड्या बांधायच्या खुंट्याला अडकवला. कोळंबी लावली. "काका, एक वाजता, वीस हात." साहेबांनी दोर फेकला. नंदूच्या भुवया उंचावल्या. दोर बरोबर एक वाजता पडला होता.

साहेबांनी दुपट्टा बांधला नाही. आता गरज नव्हती. डोळे मिटले, दोर तर्जनीवर घेतला, मान तिरकी केली. आणि बोलू लागले, आम्हाला नव्हे, स्वतःशी. "ही नुसती पाण्याची ओढ... हे काहीतरी कुरतडून राह्यलं..." नंदूनं हलकेच दोर ओढून पाहिला तर आमिषावर खेकडा होता. तो माझ्याकडं बघून पुटपुटला, "चौथ्या दिवसाक समजाक लागता ह्यां, लोकांक." पन्नास वर्षांचं बोट होतं ते. पाणी खारं असो की गोडं, त्याला फक्त चव नवी होती.

तास होऊन गेला असेल. साहेब बोलायचे थांबले. नंदू उठून उभा राहिला, मीही. साहेबांनी मनगट एकदाच, जेमतेम दोन बोटं मागं नेलं आणि म्हणाले, "आला."

दोर करकरत सुटला. तर्जनी कापली, रक्त आलं. नंदू पुढं झाला, तर म्हणाले, "हात लावू नको भाऊ, खुंटा धर." ओढलं की ओढायचे नाहीत, ढिलं झालं की एक वेटोळं घ्यायचे. कंबरेचा दोर ताणला जायचा, सैल पडायचा. त्यांच्या कपाळावर शीर उभी राहिली होती. अखेर नंदूनं वाकून जाळीत उचलला. तांबोशी. दोन किलोची तरी असेल.

साहेबांनी तिला मांडीवर घेतलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत बोटं फिरवली. पाठीवरचे काटे एकेक मोजावेत तसे चाचपले. मग विचारलं, "रंग कोणता?"

कालच्या 'मांगू नको' नंतर माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"लाल," मी म्हणालो.

"लाल म्हणजे कसा? मिरचीसारखा का पळसासारखा?"

मी नीट पाहिलं. मला त्यांना आता खोटं सांगायचं नव्हतं. "पळसासारखा. पण झाडावरचा नाही. गळून दोन दिवस खाली पडल्यावर होते, तसा. पोटाकडं फिका."

त्यांनी मान हलवली. दिसला असावा. मग वाकून, हातांनी पाण्याचा अदमास घेत, मासा सोडून दिला.

"काका!" नंदू कळवळला. "तांबोशी होती ती!"

"पाहुणा पह्यल्या भेटीत घरातलं उचलून नेत नाही," साहेब म्हणाले आणि खारट पाण्यात कापलेलं बोट धुऊ लागले. झोंबत असणार. त्यांनी हात मात्र बराच वेळ बाहेर काढला नाही.

नंदू आम्हाला कुडाळ स्टेशनपर्यंत सोडायला आला. गाडी सकाळची होती. साहेबांना त्यानं वाळवलेल्या कोळंबीची पिशवी दिली आणि पाया पडला. मला नुसतं "येतंय" म्हणाला. माझं तेवढंच येणं होतं.

गाडी सुटली. साहेब खिडकीशी, मी शेजारी. कणकवली गेलं, वैभववाडी गेलं. स्टेशनांवर उद्घोषणा होत होत्या, त्यांनी एकीलाही मार्क दिले नाहीत. मी पाणी दिलं, प्यायले. चहा दिला, प्यायले. मला वाटलं, घाटंजीपर्यंत असंच जायचं आहे. कदाचित त्याच्या पुढंही.

रत्नागिरी यायच्या आधी ते म्हणाले, "थे 'नाही' कोणासाठी लिहिलं होतं? माह्यासाठी का तुह्यासाठी?"

"तुमच्यासाठीच सायेब. तुमचं रद्द झालं असतं तर..."

ते माझ्या बाजूला कान देऊन बसून राहिले, गाडी ओळखायला बसायचे तसे. तसं कोणी ऐकत असलं की माणसाला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. मी थांबलो.

"तुमचं रद्द झालं असतं तर माह्यंही झालं असतं," मी म्हणालो. "मले समुद्र पाह्याचा होता सायेब. लय दिवसांपासून. दुकान सोडून एकट्यानं जाणं कधी होणार नव्हतं."

"मंग असं सांगाचं न बावा. दोन नावं टाकली असती. तुहंही बुकिंग केलं असतं." मग थोड्या वेळानं, "पाह्यला का पण नीट?"

"नाही सायेब. दोन दिवस तुमच्या पायाकडंच पाहून राह्यलो होतो."

साहेब उठले. सीटच्या पाठीला धरून, गुडघे चुकवत, माझ्या पलीकडं आले आणि मला ढोपरानं आत सारलं. "सरक तिकडं. खिडकीत बस. इकडून खाड्या दिसतात म्हणे. पाह्य. आन् मलेही सांगत चाल."

मी खिडकीशी सरकलो. खाली पूल होता. मी सांगू लागलो. पाणी हिरवं आहे, सायेब, ज्वारी पोटरीत येते तसं हिरवं. कडेला चिखल आहे, चिखलात चार होड्या कलंडून पडल्या आहेत. एक बाई कंबरभर पाण्यात उभी राहून काहीतरी वेचते आहे. पलीकडं, फार लांब, पांढरी रेघ आहे. तोच समुद्र असावा. उन्हानं चमकतो आहे, नीट बघवत नाही.

साहेब डोळे मिटून ऐकत होते. एकाएकी डब्यात अंधार झाला आणि चाकांचा आवाज दुप्पट झाला.

"आता?"

"आता काही नाही सायेब. बोगदा लागला."

"बरं," ते म्हणाले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाहीर निघालं का सांगजो."